पाठीचा कणा आणि शाळेचा दरवाजा

पाठदुखी ही कष्टकऱ्यांची जुनी सोबतीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. मणक्याचे सांधे हातांनी हलवून असे दुखणे हलके करणारी 'कायरोप्रॅक्टिक' ही उपचारपद्धती अमेरिकेत जन्मली. तिच्या शिक्षणाचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांनी जरूर समजून घ्यावा, असा आहे.

१८९५ साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट शहरात डी. डी. पामर यांनी पहिला उपचार केला तो हार्वे लिलार्ड यांच्यावर. लिलार्ड हे कृष्णवर्णीय. इमारतीच्या साफसफाईचे काम करणारे. मणका बसवताच त्यांचे गेलेले ऐकू येणे परत आले, हा पामर यांचा दावा आजचे वैद्यकशास्त्र मानत नाही. परंतु पहिला रुग्ण कोण होता, याविषयी वाद नाही. १८९७ साली पामर यांनी शाळा काढली. पुढे कित्येक दशके त्या शाळेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ज्याच्या पाठीवर विद्या सिद्ध केली, त्याच्याच मुलाबाळांना ती विद्या बंद!

हा दोष एकट्या या पद्धतीचा नव्हे. १९१० साली फ्लेक्स्नर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल निघाला. त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद पडल्या. हॉवर्ड व मेहॅरी या दोनच उरल्या. दर्जा सुधारणे आवश्यकच होते. पण जे बाहेर राहिले त्यांची सोय कोणी पाहिली नाही. डॉक्टर घडले नाहीत, म्हणून वस्तीत दवाखानेही आले नाहीत.

आम्ही बँकेत रोज पाहतो, ज्याच्याजवळ तारण आहे त्याला कर्ज लवकर मिळते. आरोग्याचेही तसेच आहे. ओझे वाहणाऱ्याची पाठ आधी मोडते आणि उपचार त्यालाच शेवटी मिळतो.

मग शिक्षणसंस्थेच्या नेतृत्वाने काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रवेश कोणाला मिळतो आणि फी कोणाला परवडते. दुसरी, विद्यार्थी ज्या दवाखान्यात हात बसवतात, तो कोणत्या वस्तीत आहे. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत २०१४ पासून नव्या कायरोप्रॅक्टरांना पदवीनंतरचे प्रशिक्षण मिळते, हे या दिशेचे चांगले पाऊल. तिसरी, जे सिद्ध झाले तेवढेच शिकवावे. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम व रुग्णशिक्षणाबरोबर मणक्यावरील हस्तोपचारही सुचवला. पण सर्व रोगांवरचा उपाय म्हणून नव्हे. खोट्या आशेची किंमत गरिबालाच अधिक पडते.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर, परिचारिका वा फिजिओथेरपिस्ट होईल. आपण ज्या दरवाजातून आत आलो, तो मागून येणाऱ्यासाठी उघडा आहे ना, एवढे वळून जरूर पाहा.