परसातल्या कोंबड्या : काळ्या बहिणी, गोरे भाऊ

तुऱ्यांचा विषय आज घेणार होतो, पण तो पुढच्या आठवड्यावर गेला. कोकणातल्या एका वाचकभगिनींचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. त्यांनी कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावठी कोंबडी अशी जोडी वेगळी ठेवली. कोंबडी खुडूक बसली, पिल्लं निघाली, वाढली. आता तलंगा सगळ्या काळ्या, अगदी चोचीच्या आतपर्यंत. आणि नर सगळे फिकट पायांचे, लालभडक तुऱ्याचे. शेजारी म्हणतात, कोंबडा भेसळीचा आहे, तुम्हाला फसवलं.

ताई, फसवलेलं नाही. काळेपणाच्या बाबतीत तरी कोंबडा अस्सल असल्याचीच ही खूण आहे.

कडकनाथची कातडी, हाडं, आतले पडदे काळे करणारा जनुक प्रभावी असतो. एका बाजूने आला तरी पुरतो. पण कातडीत काळा रंग साठू न देणारा दुसराही एक जनुक असतो. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत तो असतो, कडकनाथमध्ये नसतो. आणि तो बसलेला असतो झेड या लिंग-गुणसूत्रावर. सगळी गंमत इथेच आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे आईचा एकुलता एक झेड जातो मुलांकडे. मुलींना झेड मिळतो तो बापाचा. तुमच्या गावठी कोंबडीने रंग अडवणारा जनुक फक्त मुलांना दिला, म्हणून मुलगे फिकट निघाले. मुलींना अडवणारं कोणी नव्हतं.

केंब्रिजच्या बेटसन आणि पनेट यांनी हेच 1911 मध्ये मांडलं होतं. त्यांच्याकडे कडकनाथ नव्हता. काळ्या कातडीची, रेशमी पिसांची सिल्की होती आणि जोडीला ब्राउन लेगहॉर्न. जोडी उलटी लावली, म्हणजे काळ्या कातडीची आई आणि फिकट पायांचा बाप, की सगळीच पिल्लं फिकट निघत. हे वाचल्यापासून मी कोणाच्याही खुराड्याशी गेलो की आधी नडगी बघतो.

या तलंगा दिसायला कितीही काळ्या असल्या तरी आहेत निम्म्या गावठीच. त्यांच्या अंड्यांची पिल्लं कडकनाथ म्हणून विकू नका. अंडी मिळवायला मात्र खुशाल पाळा.

काळी पिसं बघून भुलणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ब्लॅक ऑस्ट्रालॉर्पही काळीकुळकुळीत असते, नडग्याही काळपट. तिला उचला आणि पंजा उलटा करा: तळवा पांढुरका दिसेल. छातीची पिसं फुंकरीने बाजूला केलीत तर कातडी गोरी. कडकनाथमध्ये दोन्ही काळी, जीभही काळपट. उलट कडकनाथच्या तुऱ्यावर जांभळट-लालसर झाक असली म्हणून लगेच तो नकली ठरवू नका. नरांत ती दिसते. त्यात सोनेरी आणि रेघांच्या पिसांचेही प्रकार आहेत. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मागणी वाढली तशा थापाही वाढल्या. कोणी काळी अंडी दाखवायला लागला तर सरळ उठून या. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, साय-गुलाबी असतं.

तुरे पुढच्या आठवड्यात. त्यातही बेटसन-पनेट येणारच आहेत.