संगीत संशोधनातील संदर्भसाधने : ओवीच्या निमित्ताने

प्रस्तावना :
गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंग सकलसंतगाथेत छापलेले असल्याने मराठीच्या अभ्यासकास संदर्भ सहज उपलब्ध होतो. संगीताच्या अभ्यासकाचे मात्र तेवढ्याने भागत नाही. गाथा शब्द देते. चाल देत नाही. आज कानावर पडणाऱ्या अनेक चाली तर आधुनिक संगीतकारांनी बांधलेल्या आहेत. त्या जुन्या परंपरेचा पुरावा म्हणून वापरणे हा संशोधनातील गंभीर दोष ठरतो.

ओवीचे उदाहरण पाहता येईल. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात 'संगीतरत्नाकरा'च्या प्रबंधाध्यायात ओवीची नोंद केली. म्हणजे ओवी गायली जात होती याचा लिखित आधार भक्कम आहे; ती कोणत्या स्वरांत गायली जाई, हे या उल्लेखांवरून सांगता येत नाही.

येथे ध्वनिमुद्रण हेच प्रमुख संदर्भसाधन ठरते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काही ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात हे साहित्य क्रमाने प्रसिद्ध होऊ लागले. गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव व मुद्रणाची तारीख सोबत असल्याने ते संदर्भ म्हणून देता येते. घरोघरी गिरणीचे पीठ आल्यावर जाते थांबले आणि ओवीचा प्रसंगच नाहीसा झाला. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील वयोवृद्ध स्त्रियांकडून अशाच तपशिलासह ध्वनिमुद्रण करून घेणे हे महाविद्यालयांना सहज शक्य असलेले आणि तातडीचे काम आहे.

रागसंगीताच्या अभ्यासकाची अडचण निराळी आहे. तेथे साधने पुष्कळ, पण ती नेमक्या नावाखाली सापडत नाहीत. पं. वि. ना. भातखंडे यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मूळ मराठीत, १९१० पासून चार भागांत निघाली. तिचा हिंदी अनुवाद 'भातखंडे संगीतशास्त्र' या नावाने आढळतो आणि त्यांचे संस्कृत लेखन 'चतुर पंडित' व 'विष्णुशर्मा' या टोपणनावांनी प्रसिद्ध झाले. ग्रंथालयाच्या तालिकेत केवळ आडनावावरून शोध घेणाऱ्यास यातील निम्मे हाती लागत नाही. अनुवादच हाती असल्यास तळटीपेत तसे स्पष्ट नमूद करावे; मूळ मराठी ग्रंथाचा पृष्ठांक अनुवादावरून देऊ नये.