शिष्यवृत्त्या आडांत आहेत, पोहऱ्यांत कां येत नाहींत?

बारावीचा निकाल लागला कीं आमच्या लहानमोठ्या शहरांत सत्कारांचा हंगाम सुरू होतो. व्यापारी मंडळें, ज्ञातिसंस्था, पतपेढ्या व नगरसेवक हे सारे मिळून गुणवंत मुलांस शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र देतात व त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत येतात. या उत्साहाबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु महिन्याभरांत त्याच मुलांपैकीं कित्येकांचे वडील घरांतील दागिने तारण ठेवण्यासाठीं पतपेढीच्या पायऱ्या चढतात, आणि कित्येक मुलें हातीं आलेली अभियांत्रिकीची वा औषधनिर्माणशास्त्राची जागा सोडून गांवच्या महाविद्यालयांत कोणत्या तरी वर्गांत नांव घालून मोकळीं होतात. त्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. यांतील पुष्कळ घरांस कर्ज काढण्याचें कारणच नव्हतें, असें आमचें मत आहे, आणि म्हणूनच हा विषय आज हातीं घेतला आहे.

महाराष्ट्रांत उच्च शिक्षणासाठीं द्रव्य नाहीं, असें म्हणण्याची सोय आतां राहिलेली नाहीं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ सालापासून चालत आली आहे. तिच्यासाठीं कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लक्ष रुपयांची आहे, आणि उत्पन्न त्याहून अधिक असलें तरी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क देणारी निराळी योजना आहे. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग यांच्यासाठींही आपापल्या खात्यांच्या योजना आहेत. ज्यांस यांपैकीं कोणतेंच छत्र नाहीं, त्यांच्यासाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शिक्षणशुल्क शिष्यवृत्ति आहे. उत्पन्न आठ लक्षांच्या आंत असेल तर निम्में शुल्क सरकार भरतें. हें झालें शुल्काचें. सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांस ‘स्वाधार’ योजनेंतून राहण्याजेवण्यासाठीं मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांत वर्षाला साठ हजार रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठीं ‘स्वयम्’ व इतर मागास वर्गासाठीं ‘आधार’ या तशाच योजना आहेत. शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. केंद्र सरकारचें राष्ट्रीय शिष्यवृत्ति पोर्टल आणखी वेगळें. ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार’ ही म्हण येथें उलटी झाली आहे; आडांत आहे, पण पोहरा वर येतो तो रिकामा.

पेशवाईंत श्रावण महिन्यांत पुण्यास दक्षिणा वाटली जात असे. ती एकाच जातीस मिळे. तो प्रकार पुन्हा यावा असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं, आणि त्या द्रव्यांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत पाठशाळा निघाली, हा त्याचा चांगला उपयोगच झाला. परंतु त्या जुन्या व्यवस्थेंत एक गुण होता. कोठें जावयाचें आणि केव्हां जावयाचें, हें दूरदूरच्या भटभिक्षुकांसही तोंडपाठ असे. आजची दक्षिणा कितीतरी पटींनीं मोठी आहे व ती सर्व जातींच्या मुलांसाठीं, मुलींसाठींही आहे. मात्र ती कोठें, कोणत्या महिन्यांत, कोणते कागद घेऊन मागावयाची, हें ज्यास तिची गरज सर्वांत अधिक त्यासच ठाऊक नसतें. ज्याचा मामा मंत्रालयांत कारकून आहे किंवा ज्याची आई शिक्षिका आहे त्याला सारें कळतें. ऊसतोड मजुराच्या मुलीस तें कोणी सांगावयाचें?

एक उदाहरण घेऊं. समजा, पारनेर तालुक्यांतील एका शेतकऱ्याच्या मुलीस पुण्याच्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा मिळाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानें आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लक्षांच्या आंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क संपूर्ण माफ केलें आहे. निर्णय स्तुत्य आहे, व त्याबद्दल सरकारचें अभिनंदन करण्यास आम्ही कचरत नाहीं. पण कायद्याप्रमाणें शासन निर्णयांतही खरें मर्म पोटकलमांत असतें. ही जागा सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेंतून मिळालेली असली पाहिजे. पहिल्या फेरींत मनासारखें महाविद्यालय मिळालें नाहीं म्हणून घाईनें व्यवस्थापन कोट्यांतून जागा घेतली, कीं माफीचा हक्क तेथेंच बुडाला. खाजगी अभिमत विद्यापीठ वा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ निवडलें तरीही बुडाला. माहितीपत्रकाच्या चकचकीत कागदावर या दोन गोष्टी ठळक अक्षरांत छापण्याचें कारण त्या संस्थांस नसतें. बापास त्या कळतात तेव्हां पहिला हप्ता भरून झालेला असतो. शिवाय शुल्क माफ झालें म्हणजे शिक्षण फुकट झालें असें नव्हे. खोलीचें भाडें, खाणावळ, पुस्तकें यांचा खर्च उरतोच, व त्यासाठीं वर सांगितलेली निर्वाहाची योजना वेगळ्या अर्जानें मागावी लागते. ‘फुकट शिक्षण’ हे दोन शब्द ऐकून जें घर निश्चिंत बसलें, तें ऑक्टोबरांत खाणावळीच्या बिलापुढें हतबुद्ध होतें.

आतां कागदांविषयीं. आम्ही वकिलीच्या धंद्यांत इतकीं वर्षें घालविलीं, त्यांत एक गोष्ट पक्की कळली आहे ती ही कीं, बहुतेक दावे न्यायाच्या अभावीं न बुडतां कागदांच्या अभावीं बुडतात. शिष्यवृत्तीचा अर्ज हाही एक दावाच आहे. उत्पन्नाचा दाखला व अधिवासाचा दाखला तहसील कचेरींतून, जातीचें प्रमाणपत्र व उन्नत गटांत मोडत नसल्याचा दाखला प्रांताकडून, आणि जात वैधता प्रमाणपत्र जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून, असे हे पुरावे निरनिराळ्या दारांतून गोळा करावयाचे असतात. त्यांतील वैधतेचें प्रकरण सर्वांत लांबणारें. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरांतील नोंद शोधीत हिंडावें लागतें. जून महिन्यांत सारा तालुका एकाच खिडकीवर लोटतो, मग दाखला वेळेवर मिळाला नाहीं म्हणून कारकुनाच्या नांवानें बोटें मोडण्यांत काय हंशील? अकरावींतच हे कागद करून ठेवावे, व उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत तेवढी दरसाल पाहावी. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ सालीं झाला आहे. दाखला किती दिवसांत द्यावयाचा हें त्याखालीं ठरलेलें आहे, आणि न दिल्यास अपील करतां येतें. हें अपील करणारा मनुष्य आम्हांस क्वचित् भेटतो. दलालास पांचशें रुपये देणारे मात्र रोज भेटतात.

कागद झाले कीं ‘महाडीबीटी’ या सरकारी पोर्टलावर अर्ज भरावयाचा. येथें दुसरी फसगत होते. मुलगा कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानांत जातो, दुकानदार आपल्याच मोबाईलचा क्रमांक घालून खातें उघडतो, व पुढें अर्जांत कांहीं त्रुटि निघाली तर तिची सूचना त्या दुकानदाराच्या मोबाईलवर पडून राहते. पैसे आधार क्रमांकाशीं जोडलेल्या बँक खात्यांतच जमा होतात. आईच्या आग्रहानें उघडलेलें, कधींच विसरलेलें दुसरें खातें जोडलेलें असेल तर रक्कम तिकडे जाते आणि मुलगा वर्षभर शिष्यवृत्ति आली नाहीं म्हणून रडतो. शिवाय अर्ज भरला म्हणजे तो सरकारपाशीं पोहोंचला असेंही नाहीं. तो आधीं महाविद्यालयाच्या कारकुनाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, आणि नंतर खात्याकडे. पहिल्याच टप्प्यावर तो महिनोन्‌महिने पडून असतो, व विद्यार्थी खात्याला दोष देत बसतो. आपला अर्ज कोणाच्या मेजावर आहे हें पोर्टलावर दिसतें. आठवड्यांतून एकदां तें पाहावें, एवढाच यावर उपाय आहे.

महाविद्यालयांविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें भाग आहे. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून सरकार भरणार असलेलें शुल्क प्रवेशाच्या वेळीं मागूं नये, असें शासनानें वेळोवेळीं बजावलें आहे. तरीही ‘आधीं सर्व भरा, सरकारकडून आलें कीं परत देऊं’ हा जबाब ऐकून परत फिरलेले पालक आमच्या कचेरींत येतात. संस्थाचालकांची बाजू आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. सरकारचे पैसे वर्ष वर्ष येत नाहींत आणि अध्यापकांचे पगार तर दरमहा द्यावे लागतात. परंतु सरकारच्या दिरंगाईचा भार उचलण्यास सर्वांत दुबळे खांदे निवडावयाचे, हा कोणता न्याय? अशा पालकांनीं तोंडीं वाद घालीत न बसतां लेखी अर्ज द्यावा, त्याची पोंच घ्यावी, आणि ती पोंच जोडून समाजकल्याण अथवा तंत्रशिक्षण खात्याच्या कचेरीस लिहावें. पोंच मागतांच जबाबाचा सूर बदलतो, असा आमचा अनुभव आहे. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तींतील केंद्राचा साठ टक्के वाटा आतां थेट विद्यार्थ्याच्या खात्यांत येतो, व त्यांतील शुल्काची रक्कम सात दिवसांत महाविद्यालयांत भरावयाची असते. ती घरखर्चांत गेली तर पुढचें भांडण हरलेंच म्हणून समजावें.

शिष्यवृत्ति एकदां मिळाली म्हणजे काम संपलें, ही आणखी एक समजूत. तिचें दरसाल नूतनीकरण करावें लागतें. शाहू महाराजांच्या नांवाच्या योजनेंत अभ्यासक्रम चालू असतां दोन वर्षें वा अधिक खंड पडला तर लाभ थांबतो, आणि एका कुटुंबांतील दोनच अपत्यांस तो मिळतो. मुदत संपली म्हणजे काय होतें याचें उदाहरण आमच्या इतिहासांतच आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनीं डॉ. आंबेडकरांस १९१३ सालीं अमेरिकेंतील शिक्षणासाठीं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. पुढें ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें तेथील अभ्यास अर्धा टाकून १९१७ सालीं त्यांस परत यावें लागलें. स्वतः पैसा सांठवून व शाहू महाराजांचें साहाय्य घेऊन ते १९२० सालीं पुन्हा गेले, म्हणून तो अभ्यास पुरा झाला. तेवढें धैर्य व तेवढा आश्रय सर्वांस कोठून लाभणार? आजच्या विद्यार्थ्याचें दुसरें वर्ष केवळ नूतनीकरणाचा अर्ज राहिला म्हणून हुकतें, हें अधिकच दुःखाचें आहे.

आमच्या व्यापारी बंधूंस यांत पुष्कळ करतां येण्यासारखें आहे, आणि तें सत्कारापेक्षां स्वस्त आहे. प्रत्येक शहरांत एक सार्वजनिक वाचनालय आहे. तेथें आठवड्यांतून दोन संध्याकाळीं एक जाणता पदवीधर एक संगणक घेऊन बसवावा, व त्यास व्यापारी मंडळानें मानधन द्यावें. अर्ज मुलानें स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या हातानें भरावा. बसणाऱ्यानें फक्त चूक दाखवावी. तीस चाळीस अर्जांनंतर त्याच्यापाशीं जी माहिती सांचेल ती कोणत्याही सरकारी पुस्तिकेंत मिळणार नाहीं.

दुसरें असें कीं, आमच्या पेठेंतील जुन्या घराण्यांनीं स्थापिलेले अनेक धर्मादाय न्यास आहेत. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यांत शिक्षण हा धर्मादाय हेतूच मानलेला आहे, आणि कित्येक न्यासपत्रांत गरीब विद्यार्थ्यांस साहाय्य हें कलम ठळक असतें. पण त्याची जाहिरात नाहीं, छापील अर्ज नाहीं, तारीख नाहीं. विश्वस्तांच्या ओळखीचीं चार मुलें येतात व रक्कम वांटली जाते. विश्वस्तांची नियत आम्ही वाईट म्हणत नाहीं. त्यांनीं दरसाल मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत न्यासाचें नांव, मदतीची रक्कम, पात्रता व अर्जाची शेवटची तारीख अशा चार ओळी वाचनालयाच्या फलकावर लावाव्या व आमच्याकडे धाडाव्या. त्या आम्ही विनामूल्य छापूं, आणि सरकारी योजनांच्या मुदतीही त्याच रकान्यांत देत जाऊं. पहिली यादी छापण्यासाठीं आम्ही एप्रिलअखेरपर्यंत वाट पाहूं.