भाताचा फुटवा व प्रथिनांची निर्गत

वखारीत मालाची आवक जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची वेळच्या वेळी होणारी निर्गतही महत्त्वाची, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. भाताच्या रोपाचा व्यवहारही याच न्यायाने चालतो, असे विज्ञान आता सांगते.

रोपाच्या शेंड्यात व पानांच्या बगलेतील डोळ्यांत काही मूळ पेशी असतात. पाने, फुटवे व लोंब्या यांचा उगम त्यांच्यातच आहे. या पेशींचे नियमन ठराविक प्रथिने करतात. चीनमधील शास्त्रज्ञांनी २००३ साली 'मॉक-१' या प्रथिनाचे जनुक शोधून काढले. ते निकामी झाले तर भातास फुटवा येत नाही; एकच काडी उभी राहते.

मग हे प्रथिन साचतच गेले तर काय होईल? याचे उत्तर २०१२ साली मिळाले. पेशी नको असलेल्या प्रथिनास युबिक्विटिन नावाची जणू चिठ्ठी डकविते. चिठ्ठी लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिएझोम या यंत्रणेत तुकडे होतात. या चिठ्ठीच्या शोधाबद्दल चिकानोव्हर, हर्श्को व रोझ यांस २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'मॉक-१'ची अशी विल्हेवाट लावण्यास 'टॅड-१' हे प्रथिन साहाय्य करते. ते नसल्यास फुटवे उदंड येतात, परंतु रोप खुजे राहते.

२०१९ साली आणखी एक दुवा सापडला. 'एसएलआर-१' हे प्रथिन 'मॉक-१'ला बिलगून त्याचे रक्षण करते. उंची वाढविणारे जिबरेलिन हे संप्रेरक वाढले, की हा रक्षकच नष्ट होतो व पाठोपाठ 'मॉक-१'ही जाते. रोप उंच होते, फुटवे घटतात. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसृत केलेल्या आयआर-८ या बुटक्या जातीत जिबरेलिन कमी तयार होते. बुटकेपणा व भरघोस फुटवा एकत्र का नांदतात, याचा उलगडा येथे होतो.

तथापि उभ्या पिकावर सौदा करणाऱ्याने केवळ फुटवे मोजून अंदाज बांधू नये. प्रत्येक फुटव्यास लोंबी धरतेच असे नाही, आणि धरलेली लोंबी भरतेच असेही नाही. धान्य पदरात पडते ते समतोलामुळे. आणि तो समतोल राखण्यात, जे निर्माण झाले ते योग्य वेळी मोडून टाकण्याचाही मोठा वाटा आहे.