जव्हार आणि वावर-वांगणी

पालघर जिल्ह्यांतील जव्हार हें सुमारें दीड हजार फूट उंचीच्या पठारावर वसलेलें लहानसें शहर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्र्यंबकेश्वराकडून मोखाड्यामार्गें खालीं उतरतांना पाहिलें असेल. राजवाडा पाहावा, दरीकडे एक नजर टाकावी आणि पुढें निघावें, असा प्रवाशांचा परिपाठ आहे. परंतु या शहराचा वारसा ज्यास जाणावयाचा असेल, त्यानें त्याच तालुक्यांतील वांगणीसारख्या खेड्यांतही गेलें पाहिजे. कारण जव्हारची कथा मूळची जमिनीची कथा आहे.

आख्यायिका अशी कीं, थळघाटाजवळील मुकणे येथील एका कोळी सरदारानें जव्हारच्या वारली नायकापाशीं बैलाच्या एका कातड्यानें झांकेल एवढीच भूमि मागितली. ती मिळतांच त्यानें त्या कातड्याची बारीक वादी कापली आणि तिच्या वेढ्यांत मोठा मुलूख घेतला. आफ्रिकेंतील प्राचीन कार्थेज शहराविषयींही हीच गोष्ट सांगतात, तेव्हां ती इतिहास म्हणून कोणीं घेऊं नये. वारली नायकास मोबदला म्हणून गंभीरगडाकडील मुलूख मिळाला, असेंही कथेंत आहे; सामान्य वारल्यास काय मिळालें, हें मात्र कथा सांगत नाहीं.

पुढें १३४३ सालीं दिल्लीच्या सुलतानानें या घराण्यांतील राजास नेमशहा म्हणून मान्यता दिली, आणि हें संस्थान १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत टिकलें. शिवाजी महाराज १६६४ च्या सुरत-स्वारीस जातांना शिरपामाळ येथें राजे विक्रमशहा त्यांस भेटले, ही आठवण जव्हारकर अभिमानानें सांगतात.

आतां खेड्याकडे वळूं. येथील वरकस उतारावर पहिल्या वर्षीं नागली, दुसऱ्या वर्षीं वरी, मग खुरासणी, आणि त्यानंतर जमीन पडीक, असा जुना फेरा आहे. रोपासाठीं पाला-शेणाचा राब भाजतात. धान्याची देवता कणसरी. पीक घरांत आलें कीं तारप्याच्या सुरावर फेर धरला जातो. होळीनंतर बोहाडा येतो. त्यांतील मुखवट्यांचा मान ठराविक घराण्यांकडे असतो, आणि बाप थकला कीं सोंग मुलाच्या खांद्यावर येतें. आमच्या मतें राजवाड्याहून हा ठेवा अधिक मोलाचा आहे.

परंतु हा ठेवा जपणारीं माणसें उपाशी होतीं. १९९२ च्या पावसाळ्यांत वावर-वांगणी हें नांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झालें, तें तेथील बालकांच्या कुपोषणानें व आजारानें झालेल्या मृत्यूंमुळें. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडूनही पाणी उतारावरून निघून जातें. श्रावणापूर्वींच कणगी रिकामी होते, आणि नवें पीक यावयास अजून दोन महिने असतात. खळें आटोपलें कीं कुटुंबेंच्या कुटुंबें लेंकरांसह वीटभट्ट्यांवर जातात. शंभर ग्रॅम नागलींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर सडलेल्या तांदळांत दहाच्या आसपास. असें धान्य पिकविणाऱ्यांच्याच मुलांवर ही वेळ यावी!

त्यानंतरच्या काळांत बाएफ संस्थेनें या भागांत वाडीची योजना चालविली. एकरभर उतारास दगडी बांध घालावयाचा, आंबा-काजूचीं कलमें लावावयाचीं, पहिलीं दोन-तीन वर्षें हंड्यानें पाणी घालून तीं जगवावयाचीं, आणि झाडांमधल्या जागेंत नागली-भाजीपाला घ्यावयाचा. काम सोपें नाहीं. उन्हाळ्यांत पिण्यालाच पाणी दुरून आणावें लागतें, तेथें कलमास कोठून द्यावें? तरी ज्यांनीं तीं जगविलीं त्यांस गांव सोडण्याची निकड कमी झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें कसणाऱ्यांच्या नांवें पट्टे होऊं लागले. पुष्कळांच्या वांट्यास मात्र गुंठ्यांतच मोजावी अशी जमीन आली.

अशा तुकड्यांवर अलीकडे मोगरा चांगला चालतो. थोड्या जमिनींत तो बसतो, आणि घरच्या माणसांनीं पहाटे खुडलेल्या कळ्या त्याच दिवशीं बाजारांत पोंचतात. भाव लग्नसराईंत चढतो आणि एरवीं पडतो, म्हणून जाणते लोक सगळी जमीन मोगऱ्यास देत नाहींत. वरच्या उतारावर नागली ठेवतात.