पाच तारे नेमके कशाचे?

नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलेल्या घोळक्यात एक तरी काका असे असतातच, जे आधी बॉनेटवर टकटक करतात, मग दार धाडकन लावून आवाज ऐकतात आणि निकाल देऊन टाकतात, ‘पत्रा चांगला जाड आहे.’ अलीकडे या काकांना आणखी एक हत्यार मिळालंय. ‘फाइव्ह स्टार आहे ना? मग घ्या डोळे झाकून.’ पत्र्याची परीक्षा मुळातच चुकीची. ताऱ्यांची परीक्षा खरी, पण तिचा निकाल आपण प्रश्नपत्रिका न बघता वाचतो. गाड्यांना मिळणाऱ्या ‘ग्रीन’ पुरस्कारांचंही तेच.

‘जुन्या गाड्या कशा, लोखंडाच्या!’

या समजुतीचा निकाल २००९ मध्येच लागलाय. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी चालवलेल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त संस्थेने १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मॅलिबू यांची समोरासमोर टक्कर लावली. दोन्ही गाड्यांचा वेग ताशी साधारण ६४ किलोमीटर, आणि धडक चालकाच्या बाजूने. बेल एअर म्हणजे भरपूर क्रोम आणि जाड पत्र्याची लांबलचक गाडी. काकांनी आनंदाने टकटक केली असती. टकरीत तिच्या काचेजवळचा खांब मागे वाकला, स्टिअरिंग आत घुसलं आणि चालकाच्या जागी बसवलेला पुतळा त्यावर जाऊन आदळला. खरा माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूचं नाक पार चेपलं, पण बसायची जागा जवळपास शाबूत राहिली. तिच्यातल्या चालकाचं पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावलं असतं.

नाक चेपलं, म्हणून तर तो वाचला. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. ती पत्र्यात जिरली नाही, तर बरगड्यांत जिरते. पुढचा-मागचा भाग मऊ आणि मधली केबिन कडक, ही कल्पना मर्सिडीजमधले अभियंते बेला बॅरेनी यांची. १९५९ साली मर्सिडीजच्या गाडीत ती प्रत्यक्षात आली. म्हणजे बेल एअर विकली जात होती, तेव्हाच तिच्यावरचा उपायही बाजारात होता.

गाडीचा सांगाडा मजबूत असला तरी तेवढ्याने भागत नाही. २०१४ मध्ये गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या तपासल्या: अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातल्या फिगो आणि पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता, तरीही शून्यच. पुढे दोन एअरबॅग असलेल्या पोलोने त्याच चाचणीत चार तारे मिळवले.

‘तारे म्हणजे कायमचा शिक्का’

फियाट पुंटोला तशाच चाचण्या घेणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपने २००५ मध्ये पाच तारे दिले होते. २०१७ मध्ये तीच गाडी, अजूनही विक्रीत असलेली, पुन्हा तपासली तर शून्य. गाडी बिघडली नव्हती, मधल्या बारा वर्षांत निकष कडक झाले होते. समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लागणं वगैरे गोष्टींना युरोपात गुण मिळायला लागले आणि पुंटोकडे त्यातलं काहीच नव्हतं. म्हणून ताऱ्यांशेजारी कोणतं साल आहे, ते आधी बघावं.

दुसरं म्हणजे, तारे कोणासाठी? टाटा नेक्सॉनला २०१८च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपकडून पाच तारे मिळाले, तेव्हा देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण ते पाच तारे मोठ्यांच्या सुरक्षेचे होते, मुलांच्या सुरक्षेला त्याच चाचणीत तीन होते. जाहिरातीत तीन कशाला येतील? २०२४ मध्ये सुधारित नेक्सॉनने दोन्हीकडे पाच मिळवले, तो खरा पल्ला.

आपलं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यात समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरची असते, बाजूची ५०ची, आणि वरच्या ताऱ्यांसाठी गाडी बाजूने ताशी २९च्या वेगाने खांबावर नेतात. मोठ्यांसाठी ३२ पैकी गुण असतात, मुलांसाठी ४९ पैकी. पाच ताऱ्यांना अनुक्रमे किमान २७ आणि ४१ लागतात. घरात लहान पोर असेल तर दुसरा आकडा आधी विचारा. सेल्समन तो आपणहून क्वचितच सांगतो.

ही चाचणी ऐच्छिक आहे. त्यामुळे तारे नसलेली गाडी म्हणजे नापास गाडी, असं नाही. विकायला येणाऱ्या बहुतेक कारना समोरून ताशी ५६ किलोमीटरच्या सक्तीच्या धडकेतून पार पडावंच लागतं. ५६ आणि ६४ ऐकायला जवळजवळचे वाटतात, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. या आठ किलोमीटरांत ती सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. हाच हिशेब समृद्धी महामार्गावर लावून बघा. तिथे कारला ताशी १२०ची मुभा आहे. त्या वेगाला ऊर्जा चाचणीच्या साडेतीन पट होते, आणि तिथे काय घडेल हे पाच तारे सांगत नाहीत.

वजनाचंही तसंच. समोरच्या धडकेची चाचणी साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी असते. पाच ताऱ्यांची छोटी हॅचबॅक आणि पाच ताऱ्यांची दोन टनी एसयूव्ही समोरासमोर आल्या, तर हॅचबॅकमधल्यांचे हाल जास्त होणार.

‘मागे बसलोय, पट्टा कशाला?’

चाचणीतले सगळे पुतळे पट्टा बांधून बसलेले असतात. पट्टा नाही, तर तारेही नाहीत, इतका सरळ मामला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मर्सिडीज जीएलसीला अपघात झाला. त्या मॉडेलला युरो एनकॅपने पाच तारे दिलेले होते. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनावरचे मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी असे दोघे गेले, आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागच्या प्रवाशाला पट्टा सक्तीचा असल्याचं अनेकांना त्या आठवड्यात कळलं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण देशात दगावले. त्यातले जवळपास निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

या पट्ट्याला मान मिळाला तोही सावकाश. व्होल्वोतले निल्स बोलिन आधी साबमध्ये विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करायचे. तीन बिंदूंचा पट्टा त्यांनी १९५९ मध्ये आणला (पुन्हा तेच बेल एअरचं साल) आणि व्होल्वोने त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. जर्मन पेटंट कार्यालयाने शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या आठ पेटंटांत त्याची गणना केली, ती १९८५ मध्ये. गाड्यांना दरवर्षी मिळणारे मान मात्र वेगळे. ‘कार ऑफ द इयर’सारख्या निवडी बहुधा मोटार पत्रकारांची परीक्षक मंडळं करतात. किंमत, दिसणं, चालवायची मजा हे सगळं त्यात येतं, आणि त्यात वावगं काही नाही. फक्त त्या ढालीला सुरक्षेचं प्रमाणपत्र समजू नये.

‘ग्रीन’ पुरस्कार म्हणजे स्वच्छ गाडी?

‘ग्रीन कार जर्नल’ या अमेरिकी नियतकालिकाने २००९ची ‘ग्रीन कार ऑफ द इयर’ म्हणून फोक्सवॅगन जेट्टा टीडीआय निवडली आणि २०१०साठी ऑडी ए-थ्री टीडीआय. दोन्ही डिझेल, दोन्ही फोक्सवॅगन समूहाच्या. परीक्षकांनी प्रमाणित आकड्यांवर विश्वास ठेवला. दुसरं काय करणार?

मग वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिकीत मोजणी यंत्र ठेवून गाड्या थेट रस्त्यावर पळवल्या. त्यांच्यातल्या एका फोक्सवॅगनचा नायट्रोजन ऑक्साइडचा धूर मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपली परीक्षा चाललीये हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने कबुली दिली. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ही चलाखी होती. दोन्ही पुरस्कार काढून घेण्यात आले. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने तपासणी केल्यावर त्याच डिसेंबरात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायची घोषणा कंपनीला करावी लागली. 

प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजायची पद्धत यानंतर जोर धरू लागली. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-सहा या प्रदूषण निकषांच्या दुसऱ्या टप्प्यात ती लागू झाली. आता धुराची नळीच नसलेली विजेची गाडी घेतली, तरी आपल्या देशातली साधारण सत्तर टक्के वीज कोळशातून येते. शहरातली हवा सुधारते हे खरं, पण उरलेला हिशेब चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमणीकडे जातो.

मायलेजचा ‘एआरएआय’ आकडा मात्र अजून प्रयोगशाळेतलाच आहे. गाडी रोलरवर, वेगाचं ठरलेलं वेळापत्रक, एसी बंद. ना सिग्नलची रांग, ना खंबाटकी घाटाचा चढ. दोन मॉडेलांची तुलना करायला तो चांगला उपयोगी पडतो. महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मात्र त्याच मॉडेलची गाडी वापरणाऱ्या शेजाऱ्याला विचारूनच मांडावा.