पेढीवरील अनुभव आणि नोकरीचे परिचयपत्र

आपल्या समाजात ‘बायोडाटा’ असे म्हटले, की प्रथम विवाहाचाच कागद डोळ्यांपुढे उभा राहतो. जन्मतारीख, उंची, गोत्र, मामांचे गाव, वडिलांची पेढी असा सर्व तपशील त्यात येतो आणि त्या प्रसंगी तो योग्यही असतो. परंतु नोकरीसाठी पाठवावयाचे परिचयपत्र, ज्यास आज सीव्ही अथवा रेझ्युमे म्हणतात, तेही आपली पुष्कळ मुलेमुली याच वळणाने लिहितात. आणि ‘अनुभव’ या सदराखाली ‘नाही’ एवढाच शब्द लिहून मोकळी होतात.

व्यापारी घरात वाढलेल्या तरुणाने असे लिहावे, याचे आम्हांस वाईट वाटते. एकाच पेढीवर सर्व भावंडांचा निर्वाह व्हावा, असे दिवस आता सर्वत्र राहिलेले नाहीत. कोणी बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात, कोणी गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, तर कोणी पुण्या-बंगळूरच्या कचेरीत नोकरी पाहतो. त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र जे काम शिकून तो बाहेर पडतो, तेच त्याच्या कागदावर नसावे, हे नुकसानीचे आहे.

पेढीवर काय शिकावयास मिळते, याचा विचार करावा. रोजकीर्द लिहिणे, खतावणी करणे, मालाची आवकजावक व शिल्लक साठा मोजणे, उधारीची उगराणी करणे, गिऱ्हाइकाची तक्रार शांतपणे ऐकणे, ही सर्व कामे मोठ्या कंपन्या पगार देऊन करवून घेतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्यात आणखी एका जबाबदारीची भर पडली. दरमहा विवरण भरणाऱ्या पेढीस सर्वसाधारणपणे विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. हे काम कित्येक घरांत मुली व सुना सांभाळतात. आणि अर्ज करण्याची वेळ आली म्हणजे स्वतःस केवळ ‘गृहिणी’ म्हणवून घेतात!

अनुभव लिहिण्याची रीत जमाखर्चाच्या नोंदीप्रमाणेच असावी. तीत तारीख हवी, तपशील हवा आणि रक्कमही हवी. ‘दुकानात वडिलांना मदत केली’ या वाक्यावरून वाचणाऱ्यास काहीच उमगत नाही. समजा, त्याऐवजी असे लिहिले: ‘कौटुंबिक किराणा पेढी, रविवार पेठ, बेळगाव. जून २०२२ ते मे २०२४. टॅलीवर रोजचा जमाखर्च. सुमारे १२० उधार खात्यांची मासिक उगराणी. २४ महिन्यांची जीएसटी विवरणे मुदतीत दाखल.’ येथे अतिशयोक्तीचा एकही शब्द नाही, तरीही उमेदवार काय करू शकतो, हे नोकरी देणाऱ्यास तत्काळ कळते. आपल्या सीमाभागातील मुलास मराठी, कन्नड व हिंदीत गिऱ्हाइकाशी बोलता येत असेल, तर तेही अवश्य लिहावे. कोणती भाषा बोलता येते व कोणती लिहिता येते, हे मात्र वेगवेगळे सांगावे.

परिचयपत्र लिहिण्यापूर्वी जाहिरात दोनदा वाचावी. गिऱ्हाइकाने जो माल मागितला तो आपण प्रथम पुढे मांडतो. तद्वत् हिशेबनिसाच्या जागेसाठी हिशेबाचे काम वर घ्यावे आणि विक्रीच्या जागेसाठी विक्रीचे. अनेक मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज प्रथम संगणक चाळतो. म्हणून जाहिरातीतील कामाची नावे, ती कामे आपण खरोखर केली असल्यास, त्याच शब्दांत लिहावीत. आणि चौकटी, नक्षी व चित्रे टाळावीत. नवख्या उमेदवारास एक पान पुरे होते. अनुभवी माणसास दोन. सर्वांत अलीकडचे काम व शिक्षण आधी, जुने नंतर, असा क्रम ठेवावा.

दूरध्वनी क्रमांक स्वतःचा द्यावा. दुकानाच्या गल्ल्यावरचा नव्हे, कारण तेथे कोण केव्हा उचलील याचा नेम नसतो. आधार व पॅन यांचे क्रमांक, बँकेचे खाते, जात, कुटुंबाची मालमत्ता यांस परिचयपत्रात स्थान नाही. सरकारी जागांचे अर्ज ठराविक नमुन्यात असतात. तेथे विचारलेली माहिती विचारलेल्या रीतीनेच भरावी, हे निराळे सांगणे नको.

आता एका नाजूक गोष्टीकडे सभासदांचे लक्ष वेधणे आम्ही कर्तव्य समजतो. आप्ताच्या मुलास नोकरी लागावी, या सद्भावनेने काही पेढ्या न केलेल्या कामाचा दाखला देतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. तो सद्भावनेने केल्याने खरा होत नाही. व्यवहारातही तो टिकत नाही. आज अनेक कंपन्या उमेदवाराच्या मागील नोकरीची चौकशी करतात व भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी पडताळतात. खोटेपणा उघडकीस आल्यास लागलेली नोकरीही जाते, आणि दाखल्यावर ज्या पेढीचा शिक्का असतो, तिची पत जाते.

लहान पेढ्यांत भविष्यनिर्वाह निधीची नोंद बहुधा नसते, कारण तो कायदा सामान्यतः २० अथवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस लागू आहे. म्हणून खऱ्या अनुभवास पुरावा नाही, असे मात्र नव्हे. ‘कौटुंबिक पेढी’ असे उघडपणे लिहावे. पेढीचा जीएसटी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. मागितल्यास तो द्यावा. माहिती विचारण्यासाठी काका-मामांऐवजी पेढीचे हिशेब पाहणाऱ्या सनदी लेखापालांचे नाव, त्यांची संमती घेऊन, कळवावे.

सभासद बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे. येत्या दीपावलीस वहीपूजन होईल तेव्हा पेढीवर काम करणाऱ्या प्रत्येक मुलाचे, मुलीचे, सुनेचे व नोकराचे वर्षभराचे काम एका कागदावर तारखांसह लिहून काढावे आणि खाली पेढीच्या मालकाने सही करावी. तो कागद आज कपाटात पडून राहील; परंतु उद्या त्यांपैकी कोणी नोकरीस अर्ज करू लागले, तर ‘अनुभव’ या शब्दापुढे काय लिहावे, असा प्रश्न त्यांस पडणार नाही.